दोन अलीगढ : विद्यापीठ आणि शहराचा रोजगार

आमच्या बेळगावात हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'अलीगढ दाखवा' म्हटले, तर दुकानदार कुलूप काढून पुढे ठेवतो. तोच शब्द पुढच्या तासाला उर्दूच्या वर्गात उच्चारला, तर मुलांच्या डोळ्यांपुढे सर सय्यद अहमद खान, काळी शेरवानी आणि विद्यापीठाचा तराना उभा राहतो. मी दोन्ही भाषा शिकवतो. तरीही एकाच शहराचे हे दोन अर्थ मी बरीच वर्षे दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवून होतो. मजाज यांच्या ज्या नज्मेचा तराना झाला, तिचे नावच 'नज्र-ए-अलीगढ' आहे, आणि तिच्यातले अलीगढ म्हणजे विद्यापीठाचा परिसर. तेथून शिकून बाहेर पडलेला माणूस नावापुढे 'अलीग' असे लिहितो. पिढ्यान्‌पिढ्या त्या शहरात राहून कुलपे घडवणारा कारागीर मात्र 'अलीग' होत नाही. शहराचे नाव विद्यापीठाने घेतले आणि शहर बाजूला राहिले, असे हे भाषेतच नोंदले गेले आहे.

हा मुद्दा केवळ भाषेचा असता तर तो उर्दू विभागाच्या एखाद्या चर्चासत्रात मांडून थांबलो असतो. परंतु 'विद्यापीठ आले की शहराची भरभराट होते' हे विधान आपल्याकडे इतक्या सहजपणे केले जाते, की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. विद्यापीठाच्या मागणीच्या प्रत्येक निवेदनात ते असते, कोनशिलेच्या प्रत्येक भाषणात असते. कर्नाटकात 2022-23 मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांसाठी नवी विद्यापीठे निघाली तेव्हाही ते होते. आणि 2025 च्या फेब्रुवारीत मंत्रिमंडळाच्या उपसमितीने त्यांपैकी नऊ बंद करण्याची शिफारस केली, तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या तोंडीही मागासलेल्या भागाच्या विकासाचीच भाषा होती. आपल्या शिक्षणसंस्थांच्या सभांत त्याचे रूप थोडे वेगळे असते: 'आपल्या भागात एक मिनी अलीगढ हवे.' मल्लापुरम, मुर्शिदाबाद आणि किशनगंज येथे अलीगढची केंद्रे निघाल्यापासून ही मागणी अधिक जोर धरून आहे. महाराष्ट्रात ती खुलताबादसाठी झाली. म्हणून हे विधान खुद्द अलीगढवरच घासून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दीडशे वर्षांचा इतका भरगच्च पुरावा दुसऱ्या कोणत्या शहरात मिळणार?

दोन्ही अलीगढांचा जन्म जवळपास एकाच काळातला आहे. सर सय्यद यांनी 1864 मध्ये गाझीपूरला काढलेली सायंटिफिक सोसायटी त्यांच्या बदलीबरोबर अलीगढला आली. 1866 मध्ये तिचे उर्दू-इंग्रजी गॅझेट सुरू झाले. 24 मे 1875 रोजी मदरसा उघडला, 1877 च्या जानेवारीत लॉर्ड लिटन यांनी महाविद्यालयाची कोनशिला बसवली, आणि 1920 मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. इकडे कुलपांच्या धंद्याचा इतिहास सांगताना 1870 मध्ये आलेल्या जॉन्सन कंपनीपासून सुरुवात करण्याची रीत आहे. आधी ती विलायती कुलपे आणून विकत असे. पुढे इथेच घडवू लागली. टपाल खात्याच्या सरकारी कार्यशाळेत तयार झालेले हात त्या कामाला उपयोगी पडले. म्हणजे मदरसा आणि कारखाना यांच्यात पाचेक वर्षांचे अंतर. दोघे एकाच गावात वाढले. मध्ये रेल्वेचे रूळ होते. रुळांच्या एका बाजूला जुने शहर, ऊपर कोट आणि जामा मशीद. दुसऱ्या बाजूला सिव्हिल लाइन्स आणि विद्यापीठ. दोन्हींना जोडणाऱ्या पुलाला लोक आजही कठपुला म्हणतात.

आता पुलाच्या विद्यापीठाकडच्या बाजूचा हिशेब पाहू. तो मोठा आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. शमशाद मार्केटच्या चहाच्या टपऱ्या, झेरॉक्सची दुकाने, दोधपूरकडच्या भाड्याच्या खोल्या, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रस्त्यावरची औषधांची दुकाने हे सगळे विद्यापीठावर जगते. शेरवानीचे उदाहरण तर मला विशेष महत्त्वाचे वाटते. विद्यापीठाने एक पोशाख रूढ केला, दर वर्षी नव्या मुलांना तो शिवून घ्यावा लागे, आणि त्यातून शिंप्यांचा असा एक वर्ग तयार झाला की अलीगढच्या काटाची शेरवानी आणि पायजमा देशभर ओळखला जाऊ लागला. पुस्तकांचेही तसेच. आपल्यापैकी ज्या कोणी उर्दू घेऊन एम.ए. केले असेल, त्याच्या कपाटात अलीगढच्या एज्युकेशनल बुक हाऊसचे एखादे तरी पुस्तक असणार. विद्यापीठाच्या मागणीवर एक कसब आणि एक प्रकाशनव्यवसाय उभा राहिला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

तथापि, या हिशेबातील बहुतेक पैसा शहरात निर्माण झालेला नाही. तो बाहेरून येतो आणि खर्च होतो. अध्यापकांचा पगार सरकारी अनुदानातून येतो, विद्यार्थ्याचा खर्च त्याच्या घरून येतो. मराठीत हे ज्या कादंबरीत सर्वांत उघडपणे दिसते ती भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. 1963 पासून आपण ती अस्तित्ववादासाठी वाचत आणि शिकवत आलो. पण पांडुरंग सांगवीकरच्या पुण्यातल्या वर्षांकडे नुसते जमाखर्च म्हणून पाहिले तर काय दिसते? खानदेशातल्या शेतीतला पैसा वडिलांच्या हातून वसतिगृह, मेस, हॉटेलचा चहा आणि कपडे यांत पुण्याला जातो, आणि मुलगा रिकाम्या हाताने गावी परततो. पुण्याची आमदनी ही सांगवीची खर्ची असते. शैक्षणिक शहरांच्या भरभराटीचे आकडे मांडणारे आपले अर्थशास्त्राचे सहकारी ही दुसरी बाजू सहसा मांडत नाहीत. भाडे वाढले की जमीनमालकाला मिळते, आणि त्याच भाड्यामुळे शिपाई, शिंपी आणि रिक्षावाला त्या भागातून लांब फेकला जातो, हेही मांडत नाहीत. 2020 च्या टाळेबंदीत वसतिगृहे रिकामी झाली, तेव्हा देशातल्या अशा सगळ्याच शहरांत खोल्या आणि मेस एका आठवड्यात ओस पडल्या. जी कमाई मुलांच्या पेट्यांबरोबर गाडीत बसून निघून जाते, तिला विकास म्हणावे का, हा प्रश्न तेव्हा तरी पडायला हवा होता.

पुलाच्या पलीकडे मी प्रथम गेलो तो एका रिफ्रेशर कोर्सच्या निमित्ताने. रविवारची सुट्टी होती. आम्ही तिघे प्राध्यापक जामा मशीद पाहून उताराच्या गल्ल्यांत शिरलो. कुलूप एका छपराखाली तयार होत नाही. एका घरात पत्रा कापून दाबयंत्रावर आकार देतात, दुसऱ्या घरात लिव्हर घासतात, तिसऱ्या ठिकाणी बफवर पॉलिश, चौथ्या ठिकाणी मुलामा, आणि जुळणी आणखी कुठेतरी. चाव्यांचा कारागीर निराळाच. माल सायकलवरून, हातगाडीवरून या दारातून त्या दारात फिरत असतो आणि मजुरी नगावर मिळते. पॉलिशच्या एका खोलीच्या दारात आम्ही थबकलो. आतल्या उस्तादांचा चेहरा काळ्या भुकटीने इतका माखला होता की वय सांगता आले नसते. आम्ही काही विचारण्याआधीच त्यांनी मशीन थांबवून विचारले, युनिव्हर्सिटीतून आलात का, आणि सर्व्हेचा कागद कुठे आहे. आमच्यापैकी एकाने हसून 'कागद नाही' म्हटले, तसे त्यांनी मशीन पुन्हा चालू केले.

त्या प्रश्नाचा अर्थ मला नंतर कळला. अलीगढच्या कुलूपधंद्यावर लिहिणारे थोडे नाहीत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाणिज्य, भूगोल आणि समाजशास्त्राचे त्यावरचे प्रबंध आहेत. बाहेरच्या अभ्यासकांपैकी एलिझाबेथ मान यांचे 1992 चे पुस्तक तेथील मुसलमानांमधील काम आणि प्रतिष्ठा यांच्या संबंधांवर आहे. अमुक धंदा करणारा कुठल्या पायरीचा, आणि पैसा आल्यावर तो ती पायरी कशी बदलू पाहतो, हे त्यांनी बारकाईने मांडले. नीरा बुरा यांनी बालमजुरीवरच्या 1995 च्या पुस्तकात काच आणि पितळ यांच्याबरोबर अलीगढच्या कुलपांचाही अभ्यास केला. दाबयंत्रावर, बफवर आणि मुलाम्याच्या हौदाशी मुले काम करत होती, आणि हे सगळे देशातल्या एका नामवंत केंद्रीय विद्यापीठापासून सायकलच्या अंतरावर चालले होते. म्हणजे माहिती नव्हती असे म्हणता येत नाही. माहिती गोळा होत होती; ती पुलावरून परत जात नव्हती. प्रबंध इंग्रजीत, कारागिराची भाषा उर्दू. ज्या विद्यापीठाच्या पूर्वजाने, सायंटिफिक सोसायटीने, इंग्रजी ज्ञान उर्दूत आणण्यासाठी आपले काम सुरू केले, नव्या शेतीच्या अवजारांचे प्रयोगही करून पाहिले, त्याच शहरात ही गोष्ट व्हावी!

असे का झाले, याचे उत्तर डेव्हिड लेलिवेल्ड यांच्या 1978 च्या ग्रंथात बरेचसे सापडते. महाविद्यालयाच्या पहिल्या पिढीतली मुले कोणत्या घरांतून आली याचा त्यांनी शोध घेतला आहे. ती प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानातल्या शरीफ घराण्यांतली, कचेरीच्या जगातली मुले होती. ज्यांच्या वाडवडिलांनी मोगली आणि नंतर कंपनी सरकारच्या कचेऱ्यांत फारसी-उर्दूच्या बळावर नोकऱ्या केल्या, त्यांची. महाविद्यालयाने त्यांना नव्या राजवटीच्या कचेऱ्यांसाठी तयार करायचे होते. सर सय्यद यांचा कलही हुन्नरशिक्षणापेक्षा उच्च शिक्षणाकडे होता. त्या काळात, 1857 नंतर खचलेल्या समाजापुढे, ही निवड समजण्यासारखी आहे. तिच्यामुळे जे उभे राहिले त्याचे ऋण आपण सगळेच मानतो. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की विद्यापीठाने ज्या रोजगारासाठी माणसे घडवली तो रोजगार अलीगढमध्ये कधीच नव्हता. तो लाहोर, लखनौ, दिल्ली, हैदराबादच्या कचेऱ्यांत होता, आणि पुढे आखातात व अमेरिकेत. माझ्या मते रशीद अहमद सिद्दीकी यांच्या 'आशुफ्ता बयानी मेरी'त हे न सांगता सांगितलेले आहे. जौनपूरहून आलेल्या एका मुलाला कॉलेजने कसे घडवले याचे इतके जिव्हाळ्याचे वर्णन उर्दूत दुसरे नाही. पण पुस्तक मिटल्यावर मनात कॉलेज राहते, शहर राहत नाही. हा रशीद साहेबांचा दोष नव्हे. ते ज्या अलीगढात राहत होते ते तसेच होते.

विद्यापीठाने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अभियांत्रिकीचे शिक्षण तेथे 1930 च्या दशकापासून आहे. तंत्रनिकेतन आहे, मुलींसाठी वेगळे तंत्रनिकेतनही आहे. पण तिथून निघालेला पदविकाधारक दिल्ली-नोएडाकडे जातो, कारण नगावर मजुरी देणाऱ्या गल्लीत त्याला पगार कोण देणार? 2000 नंतर स्वस्त चिनी कुलपे बाजारात आली आणि ही गल्ली आणखी चेपली गेली. उत्तर प्रदेश सरकारने 2018 मध्ये 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत अलीगढसाठी कुलूप आणि हार्डवेअर निवडले. 2021 च्या सप्टेंबरात राजा महेंद्र प्रताप सिंह यांच्या नावाच्या राज्य विद्यापीठाची कोनशिला त्याच शहरात बसली. म्हणजे आता अलीगढला दोन विद्यापीठे झाली. बफच्या भुकटीपासून फुप्फुस वाचवणारा एखादा साधा पंखा हा कोणत्याच विद्यापीठाचा विषय आजवर ठरला नाही, तर तिसरेही आणावे लागेल.

या ठिकाणी एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. विद्यापीठाचे काम ज्ञान निर्माण करणे आणि माणूस घडवणे हे आहे. गावचे कारखाने सुधारणे ही त्याच्याकडून करण्याची अपेक्षाच नव्हे. आमच्या महाविद्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे तर म्हणणे, की गालिब शिकवणाऱ्याने फुप्फुसाची चिंता करू नये. मी त्यांच्याशी अर्धा सहमत आहे. बाजाराच्या तालावर अभ्यासक्रम नाचवण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यापेक्षा गालिब बरा. पण मग कोनशिलेच्या भाषणात आणि मागणीच्या निवेदनात 'भागाचा विकास' लिहू नये. आणि दुसरे असे, की ज्ञान आणि गावचे काम यांची गाठ पडू शकते हे आपल्याच जिल्ह्यात दिसते.

कृष्णाकाठच्या पट्ट्यात, सांगली-कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत, सोयाबीनवर तांबेरा पडतो आणि उभे पीक काही दिवसांत वाळते. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने तांब्याला तोंड देणारे 'डीएसबी 21' हे वाण दिले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील केंद्राने 'फुले संगम' दिले, ज्याला शेतकरी 'केडीएस 726' म्हणूनच ओळखतात. सीमेच्या दोन्ही बाजूंचा शेतकरी दोन्ही वाणांची नावे तोंडपाठ सांगतो, राज्य कोणते हे विचारीत नाही. प्राध्यापकांना अधिक तळमळ होती म्हणून हे झाले असे मला वाटत नाही. कृषी विद्यापीठांच्या घडणीतच शिक्षण आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तार हे तिसरे काम ठरलेले आहे. त्यासाठी माणसे नेमलेली असतात, कृषी विज्ञान केंद्रे असतात, आणि तेथला माणूस शेतकऱ्याच्या भाषेत बोलला नाही तर त्याचे काम झाले असे धरत नाहीत. ही कल्पना मुळात अमेरिकेची. 1862 च्या कायद्याने जमिनी देऊन तेथे शेती आणि यंत्रकला शिकवणारी महाविद्यालये काढली. आपण तिच्यातली शेती घेतली आणि यंत्रकला सोडून दिली. हातमागवाला, ओतारी, कुलूपवाला यांच्यासाठी कृषी विज्ञान केंद्रासारखे काही विद्यापीठांच्या अंगी लागलेच नाही. सर्वसाधारण विद्यापीठांतही 'विस्तार' हा शब्द आहे. 'नॅक'च्या निकषांत त्याला गुण आहेत. त्याखाली वृक्षारोपणाचे छायाचित्र चिकटवून आपण मोकळे होतो.

बेळगावची गोष्ट अलीगढहून फार वेगळी नाही, हे सांगताना संकोच वाटतो. उद्यमबागेतल्या ओतशाळा आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने, वडगाव-खासबाग-शहापूरचे माग हा येथील जुना धंदा. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. 1888 मध्ये त्यांनी बेळगावात भावाबरोबर सायकलचे दुकान काढले, पुढे बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते इथेच आले आणि कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर केला. नगरपालिकेला जागा हवी झाली, म्हणून 1910 मध्ये त्यांनी औंध संस्थानात बिऱ्हाड हलवले आणि बेळगावने किर्लोस्करवाडी गमावली. शाळेतून कारखान्यात आलेला तो शिक्षक होता, हे आपण विसरतो. 1998 मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आले ते मच्छे येथे. त्याची संलग्न महाविद्यालये मात्र राज्यभर विखुरलेली, फार मोठ्या संख्येने बंगळुरात. मुख्यालय आमच्याकडे, विद्यार्थी तिकडे. 2010 मध्ये धारवाड विद्यापीठाच्या पदव्युत्तर केंद्रातून राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले, ते भुतरामहट्टीला, महामार्गावर, शहराबाहेर. बस पकडायची, तास करायचे, बसने परतायचे. खोल्या आणि मेसचा तो शमशाद मार्केटचा हिशेबसुद्धा इथे नीट जमत नाही. संलग्न महाविद्यालयांची परीक्षा घेणे हे ज्या विद्यापीठाचे मुख्य काम होऊन बसते, ते शहरात असले काय आणि नसले काय.

'मिनी अलीगढ' मागणाऱ्या आपल्या संस्थाचालकांना मी एवढेच विचारीन, की त्यांना यांपैकी कोणते अलीगढ हवे आहे. जागा कुठे, इमारत किती मजल्यांची, यापेक्षा तिथे पहिल्या वर्षी कोणाची मुले येतील आणि शिकून कुठे जातील हा प्रश्न सभेत आधी घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013-14 मध्ये सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी प्रस्ताव पाठवले. बहुतेक संगणकाचे आणि टॅलीचे होते. शेजारच्या भट्टीवाल्याला विचारून केलेला एकही प्रस्ताव माझ्या पाहण्यात आला नाही. माझाही तसा नव्हता. मी उर्दू डीटीपीचा पाठवला होता.

भाषेच्या शिक्षकाचे यात काम नाही असे मला आता वाटत नाही. चार वर्षांपूर्वी बी.ए.च्या वर्गात एक मुलगा सकाळच्या तासाला नेहमी पेंगत असे. रात्रपाळीला ओतशाळेत जातो असे कळले. मराठीतील पारिभाषिक शब्दांचा धडा चालू असताना मी त्याला विचारले, की तिथे तुम्ही काय काय म्हणता. त्याने फळ्यावर लिहायला घेतले: साचा, रेती, पॅटर्न, कोअर, कपोला, फेटलिंग, ब्लोहोल. मराठी बोलणारा मेस्त्री, उर्दू बोलणारे मोल्डर, कानडी बोलणारे हेल्पर, आणि यंत्राबरोबरची सुरक्षेची पुस्तिका इंग्रजी. ती पुस्तिका कोणी वाचलेली नव्हती. त्या वर्षीपासून आम्ही तिन्ही भाषांत ते शब्द आणि त्यांच्यापुढे एक-दोन वाक्यांचा अर्थ असे एका वहीत उतरवत आहोत. कानडी विभागाच्या मॅडम मदत करतात. वितळलेला रस ओतताना ओली रेती का धोक्याची, हे त्या वहीत तिन्ही भाषांत आहे. पदवी घेऊन तो मुलगा तिथेच पाळीप्रमुख झाला आहे आणि वहीची झेरॉक्स त्याच्याकडे असते. कपोल्याचे पान अजून अपुरे आहे. भट्टी पेटलेली असताना आम्हांला आत सोडत नाहीत, आणि बंद असते तेव्हा माझे तास असतात.